मदत हवी आहे: आईच्या खात्यातून खोट्या सहीचे चेक वटले, बँक हात वर करतेय

नमस्कार मंडळी,

माझी आई (वय ७४) सांगलीला एकटी राहते. पासबुक भरून आणल्यावर कळलं की तिच्या बचत खात्यातून ४८,००० आणि ४९,५०० चे दोन चेक वटलेत. नावं अनोळखी, आणि आईने हे चेक दिलेलेच नाहीत. चेकबुकातले शेवटचे दोन चेक कुणीतरी काढून घेतलेत. पुढचे जागच्या जागी होते, त्यामुळे तिला पत्ताच लागला नाही.

बँकेने चेकची प्रत दाखवली. आई देवनागरीत सही करते, शेवटच्या अक्षराची रेघ खाली ओढते आणि तिच्याखाली दोन टिंबं देते. चेकवर रेघ अर्धवट, टिंबांचा पत्ता नाही. तरी उत्तर मिळालं, "सही जुळली म्हणून पास झाला. चेकबुक सांभाळायची जबाबदारी तुमची." पोलीस म्हणतात, आधी बँकेचं लेखी आणा आणि संशय कुणावर ते सांगा.

घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला बायका येतात. पुराव्याशिवाय कुणा गरिबावर आळ घ्यायला आई तयार नाही, मीही नाही. नाव न घेता गुन्हा नोंदवता येतो का? पैसे परत मिळतील? उरलेल्या चेकचं पेमेंट थांबवलं आहे.

प्रतिसाद १

मी बँकेत क्लिअरिंगला होतो. "चेकबुक सांभाळा" या उत्तरावर गप्प बसू नका. खोट्या सहीचा चेक म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सांगितलंय. तिथे कंपनीच्याच हिशेबनिसाने ४२ चेकवर खोट्या सह्या केल्या होत्या. खातेदाराने पासबुक वेळेत तपासलं नाही, हा बँकेचा बचाव चालला नाही.

आईच्या सहीने शाखेला अर्ज द्या: चेक क्रमांक, तारखा, रकमा, "सही माझी नाही, रक्कम परत जमा करावी". पोच घ्या. तोंडी बोलण्याला काही किंमत नसते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. तिथे सहीच्या पुराव्यात शिरणं जमणार नाही असं म्हणाले, तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी कोर्ट आहे.

गुन्हा अज्ञात व्यक्तीविरुद्ध नोंदवता येतो, तुम्ही नाव घ्यायची गरज नाही. पैसे ज्या खात्यात गेले त्याचं केवायसी बँकेकडे असतं, ते पोलिसांनी मागवायचं. ठाण्यात नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवा, कायद्यात तशी सोय आहे.

प्रतिसाद २

रकमा बघा, दोन्ही ५०,००० च्या आत. २०२१ पासून पॉझिटिव्ह पे त्या रकमेपासून पुढे आहे, म्हणजे चेक देणारा तपशील आधी बँकेला कळवू शकतो आणि बँक तो जुळवून चेक वटवते. करणाऱ्याला हे माहीत असावं, असा माझा तरी अंदाज.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, आईला वाचून दाखवलं. एक शंका: शाखेत फक्त प्रत आहे, मग हस्ताक्षर तज्ज्ञाला मूळ चेक कुठून मिळणार?

प्रतिसाद १

मूळ कागद ज्या बँकेत भरला गेला तिथेच राहतो, इकडे नुसती प्रतिमा येते. तो जपून ठेवा, असं तुमच्या अर्जात आणि पोलीस तक्रारीत दोन्हीकडे स्पष्ट लिहा. आईच्या त्याच काळातल्या खऱ्या सह्याही गोळा करा, पेन्शनचे फॉर्म चालतील.