मदत हवी आहे : गावच्या भातशेतीच्या संपादनाचे संमतीपत्र, सही करावी का?

मालाडकर
आम्ही मुंबईत राहतो. रायगड जिल्ह्यातील आमची भातशेती धाकटा भाऊ कसतो. औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याची नोटीस आली असून दराचे संमतीपत्र याच आठवड्यात द्यावे, असे गावात सांगितले जात आहे. गुंठ्याचा दर ऐकून नातेवाईक खूश आहेत. परंतु खरिपाचे भात, त्यानंतर जमिनीतल्या ओलीवर येणारे वाल, म्हशींना पुरणारा पेंढा आणि बांधावरचे आंबे यांवर भावाचे घर चालते, आणि यातले काहीच कागदावर नाही. सही करावी का? कृपया लवकर सांगावे.

सातबारा_वाचक
नोटीस कोणत्या कायद्याखाली आली आहे, सातबारावर कोणाकोणाची नावे आहेत आणि इतर हक्कांत कुळाची नोंद आहे का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मालाडकर
महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१, कलम ३२(२). सातबारा अजून वडिलांच्याच नावावर आहे. ते वारले आहेत.

सातबारा_वाचक
मग आधी वारस नोंद करून घ्यावी. बहिणी असतील तर त्यांचाही समान हिस्सा आहे. त्यांना वगळून घेतलेली संमती पुढे वादात अडकते आणि मोबदलाही अडकून पडतो. कलम ३२(२) ची नोटीस म्हणजे जमीन का घेऊ नये, याची कारणे मांडण्याची संधी आहे. ३२(१) ची अधिसूचना निघाल्यावर जमीन शासनाकडे जाते, त्यामुळे लेखी हरकत मुदतीतच द्यावी आणि पोच घ्यावी.

उरणचा
माझ्या मते हरकतीत वेळ घालवू नये, मोबदल्यासोबत विकसित भूखंड मागावा. नवी मुंबईसाठी आमच्या जमिनी गेल्या, तेव्हा हातात आलेली रक्कम घर बांधण्यात आणि लग्नांत संपली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे बळी गेले, आणि त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्यांनी तो भूखंड राखला, त्यांच्याच घरी आज उत्पन्न आहे.

हेटवणे_परिसर
भूखंड हे उत्तर नव्हे, कारण तो कधी मिळेल याची खात्री कोण देणार? २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमीन द्यावी का, यावर पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांत जनमत घेतले गेले; लोकांना धरणाचे पाणी शेताला हवे होते. जमीन राखता येत असेल तर राखावी.

उरणचा
प्रत्येक गावाला ते जमत नाही. ज्याच्या शेजाऱ्यांनी सह्या दिल्या आहेत, त्याने एकट्याने काय करावे?

करसल्ला
ग्रामीण शेतजमीन नगरपालिका हद्दीपासून ठराविक अंतराच्या पलीकडे असेल, तर ती प्राप्तिकरासाठी भांडवली मालमत्ता धरली जात नाही. हे आधी तपासून घ्यावे.

मालाडकर
कराचा प्रश्न नंतरचा आहे. भावाच्या उत्पन्नाचे काय, हे कोणी सांगेल का?

शिवडी_रहिवासी
लावणी, कापणी आणि झोडणीला कोण येते, हे आपण लिहिलेले नाही. आमच्या गावी एक कातकरी कुटुंब पिढ्यान्पिढ्या येत असे. शेत गेले तेव्हा आम्हाला धनादेश मिळाला, त्यांना काहीच मिळाले नाही. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करणाऱ्या आणि त्यावरच मुख्यतः पोट असलेल्या शेतमजुरांची व कुळांची कुटुंबेही बाधित, म्हणजे पुनर्वसनास पात्र, धरली आहेत. आपले प्रकरण १९६१ च्या कायद्याखालचे असल्याने हे पुनर्वसन आपल्याकडे कितपत लागू होते, हे लेखी विचारावे आणि आपल्याकडे येणाऱ्या मजुरांची नावे हरकतीत घालावीत.

मालाडकर
आमच्याकडेही असेच एक कुटुंब येते. त्यांचे नाव घालण्याचा विचार मी केलाच नव्हता.

सातबारा_वाचक
भावाच्या उत्पन्नासाठी विहीर, झाडे आणि बांध यांचा पंचनामा संयुक्त मोजणीच्या (अधिकारी व शेतकऱ्यांसमक्ष होणाऱ्या जमीन मोजणीच्या) वेळी समोर उभे राहून करून घ्यावा. आंब्याची झाडे वयासह लिहिली जावीत. भात खरेदीच्या पावत्या, पीक पाहणीतील वालाची नोंद आणि दूध डेअरीचे हिशेब आजच गोळा करावेत. संमतीने दर ठरला की वाढीव मोबदल्याचा दावा बहुधा बंद होतो, म्हणून संमतीपत्राचा संपूर्ण मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय भावाने सही करू नये.

मालाडकर
भाऊ शनिवारी तलाठी कार्यालयात जात आहे. वारस नोंद होण्याआधी हरकत वडिलांच्या नावाने द्यावी की सर्व वारसांच्या सह्यांनी?

सातबारा_वाचक
सर्व वारसांच्या सह्यांनी, आणि सोबत मृत्यूचा दाखला जोडावा.