अंगठा, रेंज आणि पाणाड्या: गावाकडचं विज्ञान (अनुभव धागा)

विज्ञानावर लिहा म्हटलं की माणूस एकदम कृष्णविवरात उडी घेतो. इथं तेवढ्या लांब जायचं नाही. वावरात, रेशनच्या लायनीत, विजेच्या डीपीखाली (ट्रान्सफॉर्मरखाली), शाळेच्या ओसरीवर तुम्ही स्वतः जे पाहिलं आणि 'हे असं काहून होते?' म्हणून ज्यावर थोडं डोकं चालवलं, तेवढंच लिहा. फोन, मोटर, आभाळ, भामटे, माणसाच्या मनाचे चाळे, सगळं चालेल. दोनच अटी. 'कोणीतरी सांगत होतं' छापाचे किस्से नकोत, ते ग्रुपवर रोज येतातच. आणि कोण्या बँकेचं, कंपनीचं, गाववाल्याचं नाव नको. वऱ्हाडीत लिहिलं तर अजून चांगलं, झाडीबोलीही येऊ द्या.

सेतूवाला (यवतमाळ जिल्हा)

आमच्याकडे अंगठ्याचाही हंगाम असतो. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की आधारच्या मशीनवर बायांचे अंगठे उठेनासे होतात. बोंडाची वाळलेली टोकं टोचून टोचून बोटांचे शेंडे खरबरीत होतात, त्यात थंडी, त्यात राखेनं भांडी घासणं. मशीन बोटाचा फोटोच काढते. कातडीचे उंचवटे काचेला नीट टेकले नाहीत तर रेषा तुटक येतात, आणि कोरड्या बोटाचे ते टेकतच नाहीत. म्हणून बाया बोट आधी केसांतून फिरवतात आणि मग ठेवतात. तेलाचा पातळसा हात लागला की ठसा उठतो. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. अंगठाच पाहिजे असंही नाही, दहापैकी कोणतंही बोट चालतं. मी करंगळीच्या शेजारचं बोट ठेवायला सांगतो. वेचणीत अंगठा आणि पहिली दोन बोटं झिजतात, हे त्यातल्या त्यात शाबूत असतं.

घोर मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्याच बोटावर खात्यातले पैसेही निघतात. मशीन 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणते, बाई पुन्हा बोट ठेवते, पुन्हा ठेवते. त्यातला कोणता ठसा पास झाला, किती रुपयांवर झाला, हे स्क्रीन वाचल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि स्क्रीनचं तोंड असतं माझ्याकडे. ज्यानं हे ठरवलं तो टेबलाच्या त्या बाजूला कधी उभा राहिला नसावा. मी स्क्रीन फिरवून ठेवतो, आकडा मोठ्यानं वाचतो आणि पावती हातात देतो.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून आधारमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. लॉक असेपर्यंत त्या ठशावर पैसेही निघत नाहीत आणि रेशनही नाही, रेशनच्या दिवशी तेवढं उघडायचं. सोय चांगली आहे, पण तिला आधारशी जोडलेला मोबाईल लागतो. इथं कित्येक बायांच्या आधारला नवऱ्याचा नंबर आहे, नाही तर कधीच बंद पडलेल्या सिमचा.

धुऱ्यावरचा (अकोला जिल्हा)

मोबाईल स्टार्टरचं सांगतो. आमच्या फिडरले काही दिवस दिवसा लाईन, काही दिवस रातच्यानं. रात्री बाराले थ्री फेज आली तं हरभऱ्याले पाणी द्याले जाचं, थंडी आन् इच्चू-काट्याचं भेव. तं स्टार्टरात सिम टाकाचं, घरून फोन लावाचा, मोटर चालू. लय सोयीचं काम.

फक्त त्या सिमचा नंबर पयले कोण्या दुसऱ्याचा होता, आन् तो बावा कर्जबाजारी. वसुलीवाले फोन करत आन् माहा स्टार्टर तो उचले. रिंग गेली का मोटर चालू, दुसऱ्यांदा गेली का बंद. सकाऊन वावरात पाह्यलं तं पाट वाहून राह्यला आन् पाणी कोणी देल्लं पत्ता नाई. बुढी म्हणे बाहेरचं काही असन, नारळ फोड.

होतं काय, तं बसवनाऱ्यानं नंबर नोंदवाची सेटिंगच केली नोती. कोणाचाबी फोन आला तरी डब्बा मालकच समजे. पासवर्डबी कारखान्यातून आला तोच, १२३४. मंग मॅसेज धाडून घरचे नंबर नोंदवले, पासवर्ड बदलवला. भूत गेलं.

आन् ऑटो स्विचवरून वायरमन बोंबलते ते खरं हाय. लाईन आली का साऱ्या शिवारातल्या मोटरा एकाच टायमाले उठतात. उठताना मोटर चालतीपेक्षा पाच-सहापट करंट ओढते. मंग डीपी जाईन नाई तं काय होईन?

मधली_आळी (वर्धा जिल्हा)

माझा भाचा पाचवीत आहे, पण घरातल्या कोणाचाही फोन उघडून दाखवतो. जादू काही नाही. फोन खिडकीशी नेऊन तिरपा धरायचा, काचेवर बोटाचा माग दिसतो. स्वयंपाक करता करता फोन हाताळणाऱ्यांचा तर पिवळाच दिसतो. नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नचे ३,८९,११२ प्रकार होऊ शकतात, पण रेघ समोर उमटलेली असली की एक किंवा दोनच उरतात. उलट की सुलट, एवढाच प्रश्न. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हेच करून दाखवलं होतं. त्यांना कॅमेरे आणि दिवे लागले, आमच्या पोट्ट्याला हळद पुरते.

गुरुजी (सिंदेवाही तालुका)

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळते गोळे रांगेनं गेले ते विदर्भातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. आमच्या तालुक्यात लाडबोरीला धातूची माणसापेक्षा मोठी कडी पडली, आजूबाजूला गोळेही सापडले. चीनच्या रॉकेटचा टप्पा वातावरणात शिरून जळाला असावा, असं जाणकारांनी सांगितलं. इस्रोची माणसंही पाहून गेली.

मला त्या लोखंडापेक्षा पोरांच्या वह्यांत जास्त मजा आली. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून सोमवारी वर्गाला सांगितलं, जे पाहिलं ते एकमेकांना न विचारता लिहा. जवळजवळ प्रत्येकानं 'आमच्या गावच्या तलावामागं पडलं' असं लिहिलं. आणि पोरं चार वेगवेगळ्या गावांतून येतात! यात कोणी खोटं बोलत नाही. रात्रीच्या आभाळात मोजायला झाड नाही, घर नाही. ती वस्तू केवढी हे माहीत नसलं तर किती लांब हेही डोळ्याला कळत नाही. मग डोकं आपल्या ओळखीची शेवटची खूण धरतं. कित्येक किलोमीटर उंचीवरची आग तलावामागं येऊन पडते ती अशी.

एक गोष्ट मात्र पोरांनी पक्की टिपली होती, ते सावकाश गेलं. साधी उल्का 'अरे ते पाहा' म्हणेपर्यंत विझते. हे एवढा वेळ चाललं की घरातून आजीला हाताला धरून अंगणात आणून दाखवता आलं. कक्षेतला कचरा उल्केपेक्षा हळू आणि तिरपा आत शिरतो, त्यामुळं असं होतं.

आता तीच पोरं मोठी झाली आहेत. भेटली की सांगतात, गुरुजी, काय आवाज झाला होता! वह्या माझ्याकडे आहेत. आवाजाचं एका वहीत अक्षर नाही. टीव्हीवर पाहिलेलं, मोठ्यांकडून ऐकलेलं सगळं त्या रात्रीत जाऊन बसलं आहे. मी वह्या दाखवत नाही. दाखवल्या तरी 'तेव्हा लिहायचं राहिलं' म्हणतील, याची खात्री आहे.

रेंजच्या_शोधात (मेळघाट)

आमच्या मोठ्या बाबांना 'डिजिटल अरेस्ट' करायचा प्रयत्न झाला. 'तुमच्या आधारवर गेलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले' वगैरे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला साहेब, मागं पोलिसांचं बोधचिन्ह. म्हणे, कमरे से बाहर मत जाना, किसी को बताना मत. मोठे बाबा म्हणाले, साहेब, कमरे में रेंज नहीं है, मैं शाळा के ओटे पे हूँ.

आमच्या गावात रेंज त्या ओट्यावरच येते. त्यामुळं सगळ्या गावाचं खासगी बोलणं तिथंच होतं आणि सगळं गाव ते ऐकतं. मोठे बाबा अटक होऊन राहिले म्हटल्यावर पानठेल्यावरची माणसं उठून आली. एकानं फोनमध्ये तोंड घालून विचारलं, कोन्त्या ठाण्यातून बोलून राह्यला बे? कॉल कट.

कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तरी शिकलेली माणसं फसतात, कारण भीती आणि घाई यांच्या जोडीला त्यांना खोलीत एकटं ठेवलं जातं. दुसऱ्या माणसाला नुसतं सांगितलं तरी तो डाव अर्धा मोडतो. एकटं ठेवणं आमच्या गावात जमण्यासारखं नाही, लघवीला गेलेला माणूसही कोणाला तरी माहीत असतो.

पण गावाची ही ओळखपाळखच दुसरीकडं घात करते. ग्रुपवर 'पीएम किसान यादी' नावाची एपीके फाईल, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, येते, तीही ओळखीच्या नंबरावरून. आपल्याच माणसानं धाडली म्हणून लोक दाबतात. ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं, म्हणजे यापुढं ओटीपी तुमच्याआधी भामट्याला दिसणार. मग तुमच्या नंबरावरून तीच फाईल तुमच्या सोयऱ्यांना जाते. वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत सरळ खात्यात येतात, त्यासाठी फाईल उघडावी लागत नाही. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरला फोन. जितका लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता यायची आशा जास्त.

घाटाखालची (बुलडाणा जिल्हा)

माझे बाबा पाणाड्या होते, जमिनीखालचं पाणी कुठं लागेल ते सांगायचे. पंचक्रोशीत नाव होतं, पैसे कधी मागितले नाहीत. हातात बाभळीची दुबेळकी फांदी घेऊन चालायचे, पाणी लागलं की ती खाली ओढायची. ढोंग नव्हतं. फांदी खरंच त्यांच्या मनाविरुद्ध झुकल्यासारखी दिसायची, तळव्याला वळ उठायचे.

घाटाखाली त्यांची जागा कधी चुकली नाही. याचं कारण मला कॉलेजात भूगोल शिकताना कळलं. पूर्णेच्या गाळाचा हा खारपाणपट्टा, इथं कुठंही खोदा, पाणी लागतंच. ते पिण्यासारखं निघत नाही, हा भाग वेगळा, आणि तो कोणी पाणाड्याच्या खात्यावर टाकत नाही. घाटावर काळा पाषाण. तिथं भेगा असतील तिथंच पाणी, म्हणून तिथं कधी लागायचं, कधी नाही. लागलेल्या बोअरवर नारळ फुटायचा, गावजेवण व्हायचं. कोरड्या बोअरचं मालक म्हणायचा, अजून पन्नास फूट गेलो असतो तर लागलं असतं.

एकदा भावानं बाबांचे डोळे दुपट्ट्यानं बांधून त्यांना त्याच वावरात परत फिरवलं. फांदी झुकली, पण भलत्याच जागी. फांदी झुकवते ती आपल्याच स्नायूंची आपल्याला न कळणारी हालचाल, आणि ती कार्पेंटर या इंग्रज वैद्यानं १८५२ मध्ये मांडली होती, हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, डोळे बांधल्यावर उंबर दिसत नाही, नाल्याचं वळण दिसत नाही, मंग पाणी कसं दिसन?

मला हे उत्तर कार्पेंटरच्या पुढचं वाटतं. बाबा जमीनच वाचत होते, फांदीला फक्त त्याचा मान मिळत होता.

कपाशीवाला (चंद्रपूर जिल्हा)

विजेचं थोडक्यात. लखाख झालं की सेकंद मोजायचे, तिनाला एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं तर वावर सोडून पक्क्या घरात. झाडाखाली नाही. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप चांगलं आहे, पण वारा सुटला की आमच्याकडे पहिल्यांदा रेंजच जाते. मोजायला रेंज लागत नाही.

सेतूवाला

धुऱ्यावरचे भाऊ, तो नंबर नोंदवायचा मॅसेज कोणता? आमच्याकडेही दोन-तीन मोटरा अशाच आपोआप चालतात.

धुऱ्यावरचा

भाऊ, हरेक कंपनीचा येगळा राह्यते. डब्ब्याच्या झाकनाले आतून कागद चिकटेल असन, नाई तं पुस्तकात पाह्यजा. आन् त्या सिमचा रिचार्ज संपू नोका देऊ. नंबर बंद पडला का कंपनी तो दुसऱ्याले देते. मंग रात्री बाराले तुमी मोटर चालू कराले फोन लावसान, आन् तिकून कोणी झोपेतला मानूस शिव्या देईन.