आधी अंघोळ की आधी टाके? आणि माझ्या कोंबड्याचा तुरा वाचेल का?

दोनपदरी:
नमस्कार मंडळी, मला शौक दोनच, एक क्रॉस स्टिच (कापडाची घरं मोजून फुलीच्या टाक्यांनी चित्र भरणं) आणि दुसरा रात्रीची निवांत गरम पाण्याची अंघोळ, म्हणजे दिवा मंद, पाण्यात चिमूटभर सुगंधी मीठ, दाराला कडी आणि अर्धा तास कोणी हाक मारायची नाही. प्रॉब्लेम असा की हे दोन्ही शौक एकमेकांच्या मुळावर उठलेत. आधी अंघोळ केली तर बोटं चिंबून मऊ पडतात, सुई धड पकडता येत नाही, क्रीम लावलं तर कापडाला तेलकट डाग. क्रीम नाही लावलं तर बोटांच्या कोरड्या कातडीत दोरा अडकतो आणि त्याचे तंतू सुटतात. बरं, आधी भरायला बसले तर "ही एकच ओळ" करत रात्रीचे बारा वाजतात आणि मग अंघोळ राहूनच जाते, मान आखडलेली ती आखडलेलीच.

तर परवा मी अतिशहाणपणा केला. टबाशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर भरायचं कापड ताणलेली रिंग, म्हटलं पाय पाण्यात सोडून काठावर बसून दहा टाके घालू. चौथ्या टाक्याला कोपर घसरलं आणि रिंग थेट पाण्यात 😭 कोंबडा आहे, १४० बाय ९८ टाक्यांचा, १४ काउंटच्या कापडावर (इंचाला १४ टाके), म्हणजे १० बाय ७ इंच होणार होता. तुरा पूर्ण झालेला, लाल. आता तो लाल चोचीखाली आणि मानेवर उतरलाय, कोंबड्याला सर्दी झाल्यासारखी दिसतेय. रिंग तशीच ओली आहे, वाळवू का इस्त्री मारू का काय करू? आणि तुम्ही लोक दोन्ही शौक कसे सांभाळता तेही सांगा.

उलटी_बाजू:
वाळवू नकोस!! इस्त्री तर अजिबात नको!! सुटलेला रंग ओला आहे तोवरच निघतो, एकदा वाळला किंवा गरम झाला की बसलाच म्हणून समज. रिंग आत्ताच्या आत्ता काढ, कापड मोठ्या पातेल्यात भरपूर गार पाण्यात बुडव, चोळायचं नाही पिळायचं नाही, नुसतं हलवायचं. पाणी गुलाबी झालं की फेकून नवीन, असं पाणी स्वच्छ राहीपर्यंत. मधे एकदा भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब टाक. कंटाळा येईल पण सोडू नकोस, माझं एकदा आठव्या पाण्याला थांबलं होतं. नंतर स्वच्छ पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून वरून दाबायचं, कापड पूर्ण वाळल्यावर टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री, म्हणजे टाके चेपत नाहीत.

आणि हो, तू चौकटी आखायला धुतल्यावर जाणारं पेन वापरलंयस का? त्यातल्या काही पेनांची रेघ धुवायच्या आधी इस्त्री लागली की कायमची बसते. मी एका पिल्लाच्या पोटावर निळी रेघ घेऊन जगतेय.

टाका_उसवला:
ताई कोंबड्याचं वाईट वाटलं पण "सर्दी" वाचून फुटलो 😂

मी एकटाच पुरुष असेन इथे बहुतेक. माझा अनुभव सांगतो, आधी अंघोळ मग भरतकाम, पण मधे अर्धा तास सोडायचा. पाण्यात बोटांना ज्या सुरकुत्या पडतात ना, त्या कातडी पाणी पिऊन फुगल्यामुळे पडतात असं मलाही वाटायचं, पण ते काम नसांचं आहे, आतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वरची कातडी आत ओढली जाते. ज्या बोटाची नस तुटलेली असते त्याला त्या पडत नाहीत. सांगायचं कारण एवढंच की पाण्यातून बाहेर आलं की त्या आपोआप उतरतात, घाई केली नाही की झालं. त्या वेळात मी दोरे लावून ठेवतो, सहा पदरांच्या लडीतून कोपरापासून बोटापर्यंत लांबीचा तुकडा कापायचा, एकेक पदर वेगळा ओढायचा आणि मग दोन पुन्हा जोडायचे. एकदम दोन ओढले की गुंता ठरलेला. आणि दर आठ-दहा टाक्यांनी सुई सोडून लोंबकळू द्यायची, दोऱ्याचा पीळ आपोआप सुटतो.

क्रीमचं म्हणाल तर ते सगळं आटोपल्यावर, झोपताना. बोटं फारच अडकत असतील तर अंघोळीतच साखर आणि थोडं खोबरेल चोळा, मग साबणाने नीट धुवा, खरखर जाते आणि तेलही राहत नाही.

गरम_पाणी_फॅन:
मी उलट पक्षातली. आधी टाके मग अंघोळ. कारण मान, खांदे, अंगठ्याचा सांधा हे सगळं भरल्यानंतर दुखतं, मग गरम पाण्याची मजा आधीच उडवून कशाला टाकायची? फक्त अलार्म लावायचा आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा, नाहीतर "ही एकच ओळ" आहेच. झोपेसाठीही तेच बरं पडतं, २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता त्यात झोपायच्या तास-दोन तास आधी ४० ते ४२.५ डिग्रीच्या पाण्यात १० मिनिटं घालवली तरी झोप लवकर लागते असं निघालं होतं. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त येतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि आतलं शरीर गार होत जातं, त्याने पेंग येते. म्हणजे अंघोळ करून लगेच गादीत उडी नाही, मधे थोडा वेळ.

आता चैनीबद्दल, कारण तो भाग सगळ्यांनी सोडून दिलाय 🙄 सुगंधी तेल थेट पाण्यात टाकू नका, ते विरघळत नाही, वर तरंगतं आणि नेमकं अंगाला जिथे चिकटतं तिथे चुरचुरतं. आधी चमचाभर साध्या तेलात चार-पाच थेंब कालवा, आणि टब घसरडा होतो हे लक्षात असू द्या (कोपरवाल्या ताई ऐकताय ना). एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आपलं जेवणातलं मीठ नव्हे. मला विचाराल तर आराम बराचसा गरम पाण्याचा आणि बंद दाराचा, पण मुठीतून ते दाणे सोडताना जो आवाज येतो त्यासाठी मी ते घेते. फसफसणारे गोळे घरीच करा, खायचा सोडा दोन भाग, सायट्रिक ॲसिड एक भाग, पाणी जवळजवळ नाहीच, नाहीतर भांड्यातच फसफसून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि टबात पडतो तो नुसता खडा. टब नसेल तर बादलीत पाय सोडून बसा, तेवढं पुरतं.

मॅटीवाली:
इथे दोन्ही शौक जुळवायचा माझा एक फसलेला आणि एक जमलेला प्रयोग. फसलेला असा की ओट्सची पूड भरून छोटी पिशवी शिवली, त्यावर हौसेने जांभळी फुलं भरली आणि नळाखाली टांगली. पाणी मस्त दुधाळ झालं, अंग मऊ झालं, पण ओट्सचा चिकटा टाक्यांमधे जाऊन बसला आणि दोन दिवसांत पिशवीला वास. आता साधी मलमलची पिशवी पाण्यात आणि भरलेली पिशवी कोरडी, सुक्या लॅव्हेंडरची, टॉवेलच्या कपाटात.

जमलेला म्हणजे टॉवेल. टॉवेलच्या कापडावर मोजायला भोकंच नसतात, म्हणून पाण्यात विरघळणारा कॅनव्हास मिळतो तो वर टाचून घ्यायचा, त्याची घरं मोजत भरायचं आणि शेवटी कोमट पाण्यात बुडवलं की कॅनव्हास गायब, फुली टॉवेलवर. इथे आपली बोथट सुई चालत नाही, टोकदार घ्या. मागे लांब दोरे ओढून नेऊ नका, अंग पुसताना कानातलं अडकतं, विचारा मला. आणि लाल, गडद निळा, काळा असला दोरा आधी ओल्या पांढऱ्या टिशूवर दाबून बघा. रंग उतरला तर तो दोरा टॉवेलला नको. चमकी दोरा तर नकोच, टोचतो.

टाका_उसवला:
कानातलं?? पूर्ण गोष्ट सांगा.

मॅटीवाली:
नाही.

दोनपदरी:
अपडेट देते. सहावं पाणी स्वच्छ निघालं!! उलटी_बाजू तुम्हाला साष्टांग. मान पांढरी झाली, तुराही शाबूत आहे, चोचीखाली मात्र नखाएवढा गुलाबी डाग राहिलाय, भिंगातून बघितलं तर कापडाच्या धाग्यात मुरलाय, टाक्यांत नाही. रात्री पातेल्याशेजारी बसून राहिले त्यामुळे अंघोळ राहिलीच, पण काल आधी अंघोळ, मधे अर्धा तास दोरे लावणं आणि मग टाके असं करून बघितलं, मजा आली, बोटं अडकली नाहीत, बारा मात्र वाजलेच. आज अलार्मवाला प्रकार करते. डागाचं काय करावं सुचत नाहीये.

उलटी_बाजू:
अगं डाग कसला, कोंबड्यामागे पहाट भर की. फिकट गुलाबी, एकच पदर घे म्हणजे धुक्यासारखी दिसेल, आणि चोचीपासून बाहेर पसरत जा.

दोनपदरी:
चार्टमधे पहाट नाहीये पण. बघते, घरात गुलाबीच्या तीन लड्या आहेत.

गरम_पाणी_फॅन:
आधी त्या लड्या ओल्या टिशूवर दाबून बघ.