मदत हवी आहे: चौथ्या वर्षाला साधं ऑनर्स भरू की ऑनर्स विथ रिसर्च? (मुदत शुक्रवार)

अर्धा_कप
कॉलेजच्या लिंकवर दोनच पर्याय आहेत, ‘ऑनर्स’ आणि ‘ऑनर्स विथ रिसर्च’. एकदा निवडला की बदलता येणार नाही, असं लाल अक्षरांत लिहिलंय. ऑफिसात विचारलं तर ‘पंचाहत्तर बसत नसतील तर साधं भरा’ एवढंच उत्तर मिळालं. माझे ७.४६ आहेत (सीजीपीए, दहापैकी सरासरी). बसतात की नाही? पीएचडी करायची आहे, मग साधं भरलं तर दार बंद का? एबीसीतही (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यात) क्रेडिट कमी दिसतात. नेमकं सांगा, ‘मनाचा कौल घे’ वगैरे नको.

स्क्रू_ड्रायव्हर
सोपं आहे. ऑनर्ससाठी २० जादा क्रेडिट लागतात, ते स्वयम्-एनपीटीईएलवरून (सरकारी ऑनलाइन कोर्स) करता येतात. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ असे गुण असतात. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरतात. आजच नोंदणी करून टाका.

दुसरी_घंटा
@स्क्रू_ड्रायव्हर, हे बी.टेक.चं झालं. धागाकर्त्यांनी ‘चौथ्या वर्षाला’ म्हटलंय, म्हणजे एनईपीचं (नव्या शैक्षणिक धोरणाचं) चार वर्षांचं बीए/बीएस्सी/बीकॉम असणार. तिथे ऑनर्स म्हणजे जादा कोर्स नाहीत, अख्खं जादा वर्ष.
@अर्धा_कप, विषय कोणता? एफवायला कधी प्रवेश घेतला? सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला का? ७.४६ हे तुम्ही काढलेत की गुणपत्रिकेवर छापलेत?

अर्धा_कप
बीएस्सी केमिस्ट्री, आणखी काय असणार! निकाल लागायचाय. ७.४६ मी काढले, पाच सेमची सरासरी.

जुना_पॅटर्न
आमच्या वेळी ऑनर्स म्हणजे स्पेशल विषयाचे जादा पेपर असायचे. त्या पदवीला वजन होतं. आता सगळ्यांनाच वाटतायत.

दुसरी_घंटा
अवांतर नको हो काका.
@अर्धा_कप, प्रवेशाचं वर्ष राहिलंच. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांचे विभाग २०२३-२४ पासून या आराखड्यात आले, साधी संलग्न कॉलेजं २०२४-२५ पासून. त्याआधीच्या पॅटर्नमध्ये असाल तर हे चौथं वर्ष तुम्हाला लागूच नाही.

अर्धा_कप
२०२३. स्वायत्त. पुढे?

क्रेडिटमोजे
मग हिशोब करू. यूजीसीच्या आराखड्यात (डिसेंबर २०२२) तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या जीआरमध्ये सेमिस्टरला २० ते २२, म्हणजे तीन वर्षांत १३२ आणि चार वर्षांत १७६ पर्यंत जातात. रिसर्चसाठी *पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के* हवेत. पाच नव्हे, सहा. तुमच्या ७.४६ वर आज कोणीच ‘बसत नाही’ म्हणू शकत नाही. पाचही एसजीपीए (प्रत्येक सेमची दहापैकी सरासरी) टाका.

अर्धा_कप
७.१, ६.९, ७.६, ७.८, ७.९. प्रत्येक सेमला २२ क्रेडिट.

क्रेडिटमोजे
क्रेडिट समान आहेत, म्हणून साधी सरासरी चालते. नसते तर प्रत्येक एसजीपीएला त्या सेमच्या क्रेडिटनी गुणून एकूण क्रेडिटनी भागावं लागलं असतं. तुमची बेरीज ३७.३. सहा सेमना ७.५ साठी बेरीज ४५ लागते. म्हणजे सहाव्यात ७.७ मिळाले की झालं. शेवटची दोन सेम बघता ते अवघड नाही.

दशांश_चिन्ह
थांबा, ७.५ म्हणजे ७५ टक्के हे कोणी ठरवलं? प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं. कुठे सीजीपीएला थेट १० नी गुणतात, कुठे आधी ०.७५ वजा करून मग गुणतात. दुसऱ्या सूत्राने ७५ टक्क्यांना ८.२५ लागतात. सहा सेमची बेरीज ४९.५ हवी, म्हणजे सहाव्यात १२.२! दहापैकी बारा कुठून आणणार? गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला सूत्र छापलेलं असतं, आधी ते वाचा.

क्रेडिटमोजे
सूत्र बघावं हे मान्य. पण काही ठिकाणी अटच थेट ‘सीजीपीए ७.५’ अशी असते, तिथे सूत्राचा संबंध नाही. कॉलेजच्या परिपत्रकातली नेमकी ओळ बघा, ऑफिसच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

लिटमस
रिसर्च मिळतोय म्हणून घेऊ नका. तो १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो. प्रात्यक्षिक कामाचं एक क्रेडिट ३० तासांचं, म्हणजे ३६० तास, बाकीचे पेपर सांभाळून. केमिस्ट्रीत घोडं हमखास एका ठिकाणी अडतं: संयुग तयार होतं, पण एनएमआर नाहीतर एक्सआरडीसाठी (रचना तपासायच्या चाचण्या) नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि रिपोर्ट येईपर्यंत सादरीकरण तोंडावर येतं. आधी गाईड ठरवा, मग विषय. गाईडना तीनच प्रश्न विचारा: कोणतं उपकरण आपल्याच विभागात चालू स्थितीत आहे, बाहेरच्या चाचण्यांचा खर्च कोण करणार, आणि तुमच्याकडे आणखी किती विद्यार्थी आहेत. यूव्ही-व्हिजिबल आणि टायट्रेशनवर निभावेल असा विषय (पाण्याचे नमुने, रंगद्रव्यांचं शोषण) दिसायला साधा, पण वेळेत संपतो.

अर्धा_कप
गाईडचं नंतर बघू. पीएचडीचं कोणीच बोलत नाहीये.

दुसरी_घंटा
बोलते. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत चार वर्षांच्या पदवीवर थेट प्रवेशासाठी *एकूण* ७५ टक्के लागतात, आठही सेमचे. तिथे ‘विथ रिसर्च’ची सक्ती नाही. म्हणजे साधं ऑनर्स भरूनही शेवटी ७५ झाले तर पात्रता आहे. उलट रिसर्च मिळवला आणि शेवटी ७४ वर थांबलात, तर थेट दार बंद. मग ऑनर्सनंतर एक वर्षाची मास्टर्स करा, तिच्यात ५५ टक्के मिळाले की पीएचडीला पुरतात.

सवलत_आहे_का
एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर), ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग यांना ५ टक्के सवलत आहे, ते कोणी सांगितलंच नाही.

दशांश_चिन्ह
ती पीएचडी प्रवेशाच्या नियमातली. चौथ्या वर्षाच्या रिसर्चच्या अटीला ती आपोआप लागत नाही. गल्लत नको.

तीन_अधिक_दोन
मुळात चौथं वर्ष कशाला? तीन वर्षांनी पदवी घ्या आणि दोन वर्षांची एमएस्सी चांगल्या विभागात करा. ३+२ काय नि ४+१ काय, वर्षं पाचच. एमपीएससी-यूपीएससीलाही तीन वर्षांची पदवी पुरते.

लिटमस
एमपीएससी कुठून आली? पण मुद्दा अगदीच चुकीचा नाही. विभागात प्रयोगशाळेची बोंब असेल तर तिथेच आणखी एक वर्ष काढण्यात अर्थ नाही. फक्त ४+१ मध्ये ‘+१’ तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात तुमच्या विषयात सुरू आहे का, ते आधी पाहा.

दुसरी_घंटा
आणि नेट (पात्रता परीक्षा) चार वर्षांच्या पदवीवर ७५ टक्क्यांनी देता येते, पण ती जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) आणि पीएचडीपुरती. सहायक प्राध्यापक व्हायला मास्टर्स लागतेच.

अर्धा_कप
ओके. आणि एबीसी? ११० हवेत, १०६ दिसतात.

क्रेडिटमोजे
हे पहिल्या पोस्टमध्येच आकड्यासकट लिहायला हवं होतं! एबीसीत क्रेडिट विद्यार्थ्याला भरता येत नाहीत, ते संस्थेकडूनच जातात. दुसऱ्या वर्षाचे फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट तपासा, बहुतेक आराखड्यांत प्रत्येकी २. हे गुण विभागातून येतात, म्हणून तेच मागे राहतात. पाचही गुणपत्रिका आणि एबीसीचा स्क्रीनशॉट समोरासमोर ठेवा, कोणता कोर्स गळलाय ते कोर्स कोडसह लिहून परीक्षा विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. अख्खं सेमच गायब असेल तर आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळतंय का पाहा, आडनाव आधी-नंतर झालं तरी अडतं.

अर्धा_कप
फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटीचेच गळलेत. अर्ज लिहितोय. गुणपत्रिकेमागे ‘सीजीपीए गुणिले १०’ आहे. पण निकाल शुक्रवारनंतर लागला तर?

दशांश_चिन्ह
परिपत्रकात ‘तात्पुरता प्रवेश’ किंवा ‘निकालाच्या अधीन’ असं काही आहे का पाहा. असेल तर रिसर्च भरा आणि ७.७ न आल्यास साध्या ऑनर्समध्ये वर्ग करावं, असं अर्जातच लिहून द्या. नसेल तर उद्याच प्राचार्यांना लेखी विचारा.

बॅलन्सशीट
कॉमर्सवाल्यांनी १२ क्रेडिटचा प्रकल्प कशावर करायचा? आमच्याकडे तर टायट्रेशनही नाही.

लिटमस
वेगळा धागा काढा. आणि त्यात विषय, वर्ष, सीजीपीए पहिल्याच ओळीत लिहा.