तेल-फिल्टर घरी बदला, पण हेडलाईटची वायर कापू नका. पटतंय का?

घाटवाट_०९

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय आणि गाड्या तयार करायची घाई सगळीकडं सुरू झालीय म्हणून विषय काढतोय. माझं मत असं की ज्या वस्तू ठराविक किलोमीटरला बदलायच्याच असतात, इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, त्या मालकानं स्वतः बदलायला शिकलंच पाहिजे. आणि जे अपग्रेड वायर कापून नाहीतर चेसीला वेल्डिंग मारून बसतं ते कुणाकडूनच करून घेऊ नये, मिस्त्री कितीही ओळखीचा असूदे.

केबिन फिल्टरचंच घ्या. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्स दोन्ही बाजूनं आत दाबला की खाली येतो, मागं एक झाकण असतं, ते काढलं की फिल्टर हातात. बाणाची दिशा बघून नवीन सरकवायचा, झालं काम, आणि याचीच लेबर बिलात वेगळी लागते. ऑईलला जरा तयारी लागते. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड (तेल किती पातळ-जाड त्याचा आकडा) दिलाय तोच आणायचा, दुकानदार म्हणतोय म्हणून ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० घ्यायचं नाही. इंजिन थोडं कोमट करायचं, खालचा बोल्ट काढून तेल पूर्ण निथळू द्यायचं, वॉशर नवीन टाकायचा, फिल्टरच्या रबराला बोटानं तेल लावून हातानंच आवळायचा. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं पण डिपस्टिक बघत बघतच ओता. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, जॅक स्टँड लावल्याशिवाय नाहीच नाही. गाडीबरोबर येतो तो जॅक फक्त स्टेपनी बदलायला असतो.

आता लाईट. गगनबावड्याच्या घाटात रात्री जाऊन आलेला प्रत्येकजण म्हणतो कंपनीचा उजेड पुरत नाही, आणि लगेच ऑनलाईन एलईडी बल्ब मागवतो. ज्या हेडलाईटचा रिफ्लेक्टर हॅलोजनसाठी बनवलाय त्यात एलईडी घातली की सगळं गणितच बिघडतं. एच४ बल्बात (लो आणि हाय बीम एकातच असलेला हॅलोजन बल्ब) लो बीमच्या फिलामेंटखाली एक बारकी धातूची वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यावर झोत जात नाही. एलईडीच्या चिपचा आकार वेगळा, बसायची जागा पण नेमकी तीच येत नाही, मग उजेड कुठंही फाकतो. आपल्याला बोनेटपुढं लख्ख दिसतं म्हणून वाटतं काम भारी झालं, पण समोरून येणाऱ्याला काही दिसत नाही. हायवेला मधे डिव्हायडर तरी आहे, आंबा घाटाच्या रस्त्याला काय आहे?

उद्यमनगरचा_मिस्त्री

लाईटचं बरोबर बोललासा, पण तेल घरी बदला हे मला अजिबात पटलेलं नाही. आमच्याकडं घरी तेल बदललेल्या गाड्या येतात त्यातल्या कितीतरींचे चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, बोल्टचे आटे गेलेले असतात. चेंबर बऱ्याच गाड्यांत अल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडी. लोक घट्ट बसावा म्हणून लांब पाना घालून जोर लावतात आणि आटे बाहेर. मग हेलिकॉईल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) घाला नाहीतर चेंबरच बदला. चार पैसे वाचवायला गेलात आणि खर्च किती झाला बघा.

दुसरं, गाडी लिफ्टवर घेतली की आम्ही नुसतं तेल सोडत नाही. अॅक्सलचा रबरी बूट फाटलाय का, लोअर आर्मचे बुश गेलेत का, शॉकअप गळतोय का, टायर आतल्या बाजूनं खाल्लाय का, हे सगळं नजरेखालनं जातं. बूट फाटलेला वेळेत कळला तर तेवढाच बदलून भागतं, नाही कळला तर त्यात पाणी, चिखल जाऊन जॉईंटच जातो. घरी पार्किंगमध्ये आडवं पडून मोबाईलच्या उजेडात हे दिसणार आहे का?

आणि काढलेलं जुनं तेल कुठं टाकता ते पण सांगा. गटारात ओतलेलं शेवटी पंचगंगेलाच जातं. आम्ही बॅरलमध्ये साठवून रिसायकलिंगवाल्याला देतो.

ताराबाईपार्कची_ताई

दादा, तुमचा राग समजतो पण सगळी गॅरेजं तुमच्यासारखी नसतात. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला माझ्या बिलात इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग असं सगळं आपोआप लागलेलं होतं आणि मॅन्युअलमध्ये यातलं एकही काम त्या सर्व्हिसला लिहिलेलं नव्हतं. मी बोट ठेवून विचारलं तेव्हा काढलं. स्वतः एअर फिल्टर काढून बघितलेला असला की "मॅडम फिल्टर पूर्ण चोक आहे" असं कुणी म्हणालं तर उत्तर देता येतं. बाईमाणूस गाडी घेऊन गेली की हे जास्तच होतं, इथल्या बायकांना विचारा.

आट्यांचं म्हणाल तर त्याला टॉर्क पाना मिळतो, मॅन्युअलमधला आकडा लावायचा, कट्ट आवाज आला की थांबायचं. जुनं तेल मी नवीन तेलाच्याच रिकाम्या डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजच्या बॅरलला नेऊन देते.

पण ब्रेकला मी हात लावत नाही आणि कुणी शिकाऊ माणसानं लावू पण नये. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं, साधारण दोन वर्षांनी बदलायला लागतं. ते बदलताना लाईनमध्ये हवा राहिली तर पेडल खाली जातं आणि करूळ घाट उतरताना ते कळून उपयोग नाही.

नाद_टर्बोचा

भावांनो तुम्ही लई घाबरवायलाय. कंपनी गाडी बनवते ती सगळ्या देशासाठी, आंबोलीच्या धुक्यात आणि आपल्या पावसात पांढऱ्या पट्ट्यासुद्धा नसलेल्या रस्त्यावर काय होतं ते त्यांनी बघितलंय का? गळीत हंगामात कागलकडनं येताना रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक पुढं येते तेव्हा ५५ वॅटच्या पिवळ्या उजेडात ती दिसेपर्यंत ब्रेक मारायला जागाच उरत नाही. माझा जीव वाचवायला मी लाईट वाढवला तर त्यात चूक काय? आणि वायर न कापता कपलरला कपलर (प्लगला प्लग) जोडून रिले किट, म्हणजे बल्बला बॅटरीतनं थेट करंट देणारी वायरिंग, बसतं, सरसकट सगळ्या अपग्रेडला नावं ठेवू नका. टायर मोठे घालणं पण तुमच्या लेखी गुन्हाच असणार मग.

कायद्याचं_बोला

गुन्हा शब्द निघालाच आहे तर सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच पक्कं केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं, मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या. पुढं लावतात त्या क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. गार्डमुळं धडकेचा जोर थेट चेसीवर जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. सीट कव्हरचं तर कुणी बोलतच नाही, सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीला साधं जाड कव्हर शिवून घेतलं तर ती बॅग वेळेवर उघडेलच असं नाही.

पण मालकाच्या बाजूनं पण सांगण्यासारखं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड केला होता, सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत म्हणून. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका असं पण त्या आदेशात होतं. प्रकरण पुढं कोर्टात गेलं ते वेगळं. तरी वॉरंटी असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा आणि बिलं जपून ठेवा, भांडायची वेळ आली तर कागदच लागतो.

घाटवाट_०९

टायरला माझा विरोध नाही, पण मोजून घाला. एकूण व्यास मूळ टायरच्या तीन टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. १६५/८० आर१४ चा व्यास येतो साधारण ६२० मिलिमीटर, १८५/७० आर१४ चा ६१५, म्हणजे एक टक्का पण फरक नाही, स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्यापेक्षा कमी नको आणि रिम तेवढ्या रुंदीची आहे का बघा. बाजूवर चार आकडे असतात त्यावरनं टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते कळतं, दुकानात ते वाचूनच पैसे द्या.

मिस्त्रीदादा, गाडीखालच्या तपासणीचं तुमचं म्हणणं मान्य. त्यासाठी पावसाळ्याआधी एकदा लिफ्टवर घेऊन पैसे देऊन नुसती तपासणी करून घ्यायची, असं काम मागायला लोक लाजतात ते चुकीचं आहे. तेल मात्र मी घरीच बदलणार.

नाद_टर्बोचा

मग लाईटचं काय? ट्रॉली अजून अंधारातच आहे.

उद्यमनगरचा_मिस्त्री

बाळा, तुझी अडचण खरी आहे, उपाय चुकतोय. पहिलं हेडलाईटची काच बघ, ती प्लॅस्टिकची असते, उन्हानं पिवळी पडते, ती पॉलिश करून घे. मग बल्बच्या कपलरला लाईट चालू ठेवून व्होल्टेज मोजायचं. बॅटरीपेक्षा बरंच कमी येत असलं तर वायरमध्येच पडतंय, तिथं कपलरवाला रिले हार्नेस लाव आणि बल्ब ६०/५५ वॅटचाच चांगल्या कंपनीचा ठेव. ९०/१०० चा घालू नकोस, होल्डर वितळलेले मी हातानं काढलेत. ट्रॉलीवाल्यांना रिफ्लेक्टर लावायला कारखान्याच्या गेटवरच अडवलं पाहिजे, पण तो वेगळा भांडणाचा विषय.

आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकडे असलेलं बारकं चाक असतं ते बघ. मागं माणसं, सामान भरलं की गाडीचं तोंड वर होतं, तेव्हा ते चाक फिरवून झोत खाली घ्यायचा. मोकळ्या गाडीला ते तीनवर राहिलं असलं तर उजेड पुढं जाणारच नाही, कितीचा पण बल्ब घाल. आज रात्री भिंतीसमोर गाडी लावून ते फिरवून बघ, मग बल्ब घ्यायचा का ते ठरव.