टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही दर जुलैत जुलाबाची साथ: वाडीच्या पाण्यात कुठे चुकतंय?

कातळमाळ

वाडी चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगाला. घरं 42, माणसं दोनशेच्या आसपास. एकच गोल विहीर, आतून 12 फूट रुंद. मे अखेर पाणी 10 फूट असतं, जुलैत 18 फुटांपर्यंत चढतं. विहिरीवर पंप, वर 10,000 लिटरची सिमेंटची टाकी, तिथून घरोघरी नळ. टाकी दिवसातून एकदा, कधी दोनदा भरते.

आठवड्यातून दोनदा टीसीएल पडतं. दर वेळी चहाचे दोन कप कोरडी पावडर विहिरीत वरून शिंपडतात. त्या दिवशी नळाला वास येतो, लोक तक्रार करतात. तरी पहिला मोठा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत घरोघरी जुलाब, उलट्या सुरू. लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त आजारी पडतात.

माहितगारांनी सांगावं: पावडर कमी पडते, की पद्धतच चुकते? आणि साथ सुरू झालीच तर घरात नेमकं काय करायचं?

नळजोड

दादा, पद्धत चुकते आणि जागाही चुकते. जागेपासून सुरुवात करतो.

पावसाळ्यात कोकणातल्या विहिरीत टाकलेलं टीसीएल टिकत नाही. झऱ्यांनी नवं पाणी सतत आत येतं, त्यासोबत गाळ आणि पालापाचोळ्याचा अंश येतो आणि क्लोरीन त्यातच खर्च होतो. सोमवारी टाकलेल्या पावडरीचा बुधवारच्या पाण्याला काही उपयोग नाही. तुमच्याकडे टाकी आहे, म्हणून रोजचं शुद्धीकरण टाकीत करा, तेही प्रत्येक भरणीला. टाकी दोनदा भरली तर मात्राही दोनदा.

प्रमाण 1,000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल. तुमच्या टाकीला एका भरणीला 50 ग्रॅम. किराणा दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. कप, मूठ, चमचा यांचा काही भरवसा नाही, कारण दमट पावडर जड भरते आणि कोरडी हलकी.

कृती अशी. प्लास्टिकच्या बादलीत (लोखंडी नको, गंजते) 50 ग्रॅम पावडर घ्या. थोडं पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं सरबरीत कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घाला, काठीने ढवळा आणि 10 मिनिटं स्वस्थ ठेवा. खाली पांढरा चुना बसतो, वर निवळी राहते. क्लोरीन त्या निवळीत असतो. ती दुसऱ्या बादलीत हलकेच ओतून घ्या आणि चुना लांब खड्ड्यात टाका. टाकी भरायला लागली की निवळी आत सोडा, म्हणजे येणाऱ्या धारेने ती आपोआप मिसळते. टाकी भरल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर एक तास, व्हॉल्व्ह बंद ठेवा. एकीकडे टाकी भरत असते आणि दुसरीकडे नळ चालू असतात, ही चूक फार ठिकाणी दिसते. अशा वेळी क्लोरीनला जंतू मारायला वेळच मिळत नाही.

कोरडी पावडर शिंपडली की ती तळाशी बसते. तिथे पाणी जहाल होतं, वर काहीच नसतं. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणारं तोंड) खाली असल्यामुळे पहिलं पाणी उग्र वासाचं येतं आणि नंतरचं बिनक्लोरीनचं. तुमच्या तक्रारी आणि तुमचे जुलाब, दोन्हींचं मूळ बहुधा इथे आहे.

विहीर अगदीच सोडायची नाही. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा, आणि पुराचं किंवा ओहोळाचं पाणी विहिरीत शिरलं तर लगेच, सगळी विहीर शुद्ध करायची. फुटांत मोजत असाल तर हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 22, म्हणजे लिटर. मे महिन्यात 12×12×10×22 = 31,680 लिटर, पावडर साधारण 160 ग्रॅम. जुलैत 12×12×18×22 = 57,024 लिटर, पावडर 285 ग्रॅम. मे महिन्याचं माप जुलैत चालवलं तर मात्रा जवळजवळ निम्मी पडते. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर कालवू नका, म्हणजे जुलैत तीन बादल्या लागतील. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून जोरात वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायची. हे काम रात्री, पाणी भरणं संपल्यावर. सकाळपर्यंत कोणी पाणी उपसत नाही.

मापाडी

नळजोड यांनी सांगितलेली कृती बरोबर आहे, पण 5 ग्रॅम हा अंदाज आहे. मात्रा पुरली की नाही हे ओटी चाचणीच (पाण्यात क्लोरीन किती उरला ते रंगावरून दाखवणारी) सांगते. ती न करता टीसीएल टाकणं म्हणजे मीठ घालून भाजी न चाखण्यासारखं.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे (गावाच्या पाण्याची देखरेख करणारा माणूस) ओटीचं किट असायला हवं. नमुना सगळ्यात शेवटच्या घराच्या नळाचा घ्या. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन नेहमीच सापडतो, त्यावरून काही कळत नाही. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, नळी खुणेपर्यंत भरा, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका आणि 10 सेकंदांच्या आत रंग पट्टीशी ताडून पाहा. पाणी पिवळं झालं आणि पट्टीवर 0.2 (लिटरला मिलिग्रॅम) किंवा जास्त आलं, तर ठीक. साथ चालू असेल तर 0.5 पर्यंत न्या. रंगच आला नाही तर दुसऱ्या दिवशी मात्रा 1,000 लिटरला 1 ग्रॅमने वाढवा आणि पुन्हा तपासा. चाचणी झालेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका आणि परत टाकीत टाकू नका. ओटी हे विषारी रसायन आहे.

10 सेकंदांचा आग्रह यासाठी की लगेच येणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा असतो. पाच-दहा मिनिटांनी हळूहळू गडद होणारा रंग घाणीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा, आणि त्याची जंतू मारायची ताकद फार कमी. उग्र वास बऱ्याचदा याच बांधलेल्या क्लोरीनचा असतो. वास आला म्हणजे पाणी शुद्ध झालं, हा समज सोडून द्या. कधीकधी वास हेच सांगत असतो की पाण्यात घाण जास्त आहे.

आता पावडरीबद्दल. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. गोणीचं तोंड उघडं राहिलं की हवा, ओल आणि उजेडाने तो उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली आलेली पावडर वापरू नये. गोणीवरची उत्पादनाची तारीख पाहून घ्या. पावडर जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, घट्ट झाकणाच्या पिंपात, फळीवर, अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवा. पंपघरात नको, त्या वाफेने स्टार्टर आणि तारा गंजतात. गुठळ्या झालेली, वास गेलेली पावडर दुप्पट टाकून भागवू नका, नवीन मागवा. जुन्या गोणीचा नमुना तपासणीला पाठवता येतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) सांगा.

पावडर कालवताना तोंडाला ओला रुमाल, डोळ्यांना चष्मा, आणि वारा पाठीकडून घ्यायचा. त्याच बादलीत फिनेल, अॅसिड किंवा संडास धुण्याचं द्रव कधीही नको. विषारी वायू सुटतो.

चिरेबंदी

पाणी गढूळ असेल तर वरचं सगळं अर्धवट राहतं. गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जंतू वाचतात आणि क्लोरीनही माती खाऊन टाकते. म्हणून घाण आत येतेच कुठून, ते आधी शोधा.

भर पावसात विहिरीपाशी उभं राहून तीन गोष्टी बघा. कठडा जमिनीपासून किमान अडीच फूट उंच आहे का. भोवती निदान तीन फूट रुंद सिमेंटचा ओटा आहे का, त्याचा उतार बाहेर आहे का, त्याला तडे गेलेत का. आणि आतून, वरच्या 20 फुटांत, चिऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतंय का. सांध्यांतून झिरपणारं ते पाणी म्हणजे नुकतंच अंगणातून, गोठ्यातून वाहून आलेलं पाणी. पाऊस थांबल्यावर सांधे सिमेंटने भरून घ्या. संडासचा खड्डा, उकिरडा, गुरं धुण्याची जागा विहिरीपासून 15 मीटरच्या आत नसावी, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडे जांभा आहे, त्यात भेगा आणि पोकळ्या असतात, तेव्हा 15 मीटरवर समाधान मानू नका. जेवढं लांब तेवढं बरं, आणि विहिरीच्या वरच्या चढाला तर नकोच.

दुसरी जागा नळाची पाइपलाइन. पाणी थोडाच वेळ सुटतं, बाकी वेळ पाइप रिकामा. रिकाम्या पाइपात गळक्या सांध्यातून बाहेरचं गटाराचं पाणी ओढलं जातं. त्यामुळे टाकीत क्लोरीन उत्तम असूनही घरी जुलाब होतात. गटारातून किंवा मोरीखालून गेलेले जोड वर उचलून घ्या. नळ सुटल्यावर पहिलं पाणी, गढूळपणा जाईपर्यंत, भांडी-धुण्याला वापरा, हंड्यात नको.

टाकी वर्षातून दोनदा तरी रिकामी करून घासा. झाकण घट्ट हवं, हवेच्या नळीला जाळी हवी.

आणखी एक. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. त्या तपासणीत तुमच्या विहिरीच्या नावापुढे कोणते दोष लिहिले आहेत ते पंचायतीत जाऊन वाचा. दुरुस्तीसाठी ग्रामसभेत बोलायला तो कागद उपयोगी पडतो.

कातळमाळ

फार नेमकं मिळालं, आभार. ओट्याला तडे आहेत आणि वरच्या अंगाला एक गोठाही आहे, साधारण 30 फुटांवर. टाकीला मात्रा उद्यापासून सुरू करतो. आता घरातलं सांगा. काही घरांत वास नको म्हणून थेट झऱ्याचं पाणी पितात, काही घरांत तुरटी फिरवतात.

आरोग्यताई

झऱ्याचं पाणी थंड आणि स्वच्छ दिसतं, पण पावसाळ्यात ते विहिरीपेक्षा सुरक्षित नसतं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाणी चौपदरी सुती कापडाने गाळा, तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या हंड्यात घ्या आणि मग ते उकळा किंवा त्यात क्लोरीन घाला. उकळताना खळखळून उकळी फुटल्यावर पाच मिनिटं, त्याच भांड्यात झाकून गार करायचं. क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरचे थेंब वापरायचे तर पाकिटावरचं प्रमाण पाहा, कारण गोळ्या वेगवेगळ्या आकाराच्या येतात. 20 लिटरची गोळी कळशीत टाकली तर वास येणारच. अर्धा तास थांबून मग प्यायचं. वास नकोसा वाटला तर पाणी रात्रभर माठात ठेवा, बराच कमी होतो.

शुद्ध केलेलं पाणी घरात पुन्हा खराब होतं ते हात बुडवल्याने. माठाला तोटी बसवा किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, आणि ते ओगराळं जमिनीवर ठेवू नका.

आता जुलाब लागल्यावर. पहिल्या पातळ शौचापासूनच ओआरएस. 20.5 ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर शुद्ध पाण्यात एकदम विरघळवा. थोडी पावडर पेल्यात, उरलेली संध्याकाळी, असं केलं की क्षार कमी-जास्त होतात, आणि दाट पाण्याने मुलाचे जुलाब वाढतात. वरून साखर घालू नका, मिश्रण उकळू नका, 24 तासांनी उरलेलं टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहा: डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ते फेकून नवीन करा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलि, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलि, मोठ्यांना जेवढं पितील तेवढं. बाळाला चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा आणि पुन्हा, आणखी सावकाश द्या. उलटी होते म्हणून पाणी बंद करणं हीच घरात होणारी सगळ्यात मोठी चूक आहे. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून वाचवलं होतं, त्याला कमी लेखू नका.

सोबत मुलांना झिंक: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, सहा महिन्यांपुढे पाच वर्षांपर्यंत 20 मिलिग्रॅम, पूर्ण 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी सोडायची नाही. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे मिळतं. अंगावरचं दूध चालूच ठेवा. पेज, मऊ भात, वरण, ताक, केळं चालतं. शीतपेय, गोड सरबत, जास्त साखरेचा चहा नको. मुलांना जुलाब बांधायच्या गोळ्या देऊ नका, आतडं थंड पडून पोट फुगतं.

यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका: मूल सुस्त पडलंय किंवा पीतच नाही, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश परत जाते, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पांढरट, भराभर होणारे जुलाब. 108 ला फोन लावा आणि वाटेतही ओआरएस पाजत राहा.

मापाडी

यात एक जोडतो. एकाच दिवशी दोन वेगळ्या घरांत जुलाब दिसले की त्याच दिवशी उपकेंद्राला कळवा, पाच-सहा घरं होईपर्यंत वाट बघू नका. आणि टीसीएलची पुढची मात्रा टाकण्याच्या आधी शेवटच्या नळाचा नमुना त्यांच्याकडून निर्जंतुक बाटलीत घेऊन ठेवा. मात्रा टाकल्यावर घेतलेला नमुना चांगलाच येतो, आणि घाण कुठून आली ते कायमचं लपतं.

कातळमाळ

30 फुटांवरचा गोठा हलवणं पावसात शक्य नाही. तोवर?

चिरेबंदी

गोठ्याच्या वरच्या बाजूने चर खणा, फूटभर रुंद, फूटभर खोल, आणि डोंगराचं पाणी गोठ्यात न येता विहिरीला वळसा घालून खाली जाईल असा त्याला उतार द्या. गोठ्यातलं शेण रोज विहिरीच्या विरुद्ध बाजूला, ताडपत्रीखाली टाका. मुताची पन्हळ बंद पाइपात घेऊन विहिरीच्या खालच्या अंगाला सोडा. हे दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. चर झाल्यावर पहिल्या जोराच्या सरीत छत्री घेऊन जा आणि पाणी कुठे वळतंय ते बघा, कारण कोरड्यात बरोबर वाटलेला उतार पावसात अर्ध्या वेळा चुकीचा निघतो.