परत केलेल्या एलटीडीवर (नोकरीतल्या दीर्घकालीन अपंगत्व विम्यावर) टॅक्स: 'तेवढे वजा करा' म्हणणाऱ्यांसाठी

कुळथाचं_पिठलं:
परवा इथे कुणीतरी लिहून मोकळं झालं, "एसएसडीआयची (अमेरिकन सरकारच्या अपंगत्व भत्त्याची) थकबाकी आली की एलटीडीवाल्यांचे पैसे परत करायचे, त्या वर्षीच्या उत्पन्नातून तेवढे वजा करायचे. सीपीए (टॅक्सचा हिशेबनीस) कशाला?" वाचून डोकं सटकलं, म्हणून हा धागा.

ऑगस्ट २०२२ मध्ये नवऱ्याची पाठ गेली. फेब्रुवारी २०२३ पासून एलटीडी महिना ४,००० डॉलर. प्रीमियम नवऱ्याची कंपनी भरायची, म्हणजे सगळं टॅक्सेबल. सप्टेंबर २०२४ मध्ये एसएसडीआय मंजूर: महिना २,०००, १९ महिन्यांचे ३८,०००. वकिलाने ७,२०० घेतले. सरकारी पैसे आले की तेवढा एलटीडी परत, म्हणून उरलेले ३०,८०० परत करा, असं इन्शुरन्सचं पत्र डिसेंबरात आलं. तेही ग्रॉस! टॅक्स कापून हातात आलेले नाहीत, कापायच्या आधीचे. पत्र तीन आठवडे फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली होतं. चेक गेला जानेवारी २०२५ मध्ये.

तिथेच फसलो. डिसेंबरात दिला असता तर २०२४ चा भाग त्याच वर्षीच्या डब्ल्यू-२ (मिळकतीच्या दाखल्या) मधून कमी झाला असता. आता २०२४ च्या रिटर्नमध्ये एलटीडीही पूर्ण आणि एसएसए-१०९९ वर (एसएसडीआयच्या दाखल्यावर) ३८,०००ही पूर्ण, वकिलाच्या फीसकट. माझा पगार आहे, त्यामुळे दोन्ही वर्षी एसएसडीआयचे ८५ टक्के टॅक्सेबल, लम्पसम इलेक्शनचा (थकबाकी ज्या-त्या वर्षाची धरून टॅक्स काढण्याचा) उपयोग शून्य.

बे_एरियातला_तात्या:
ते लिहिणारा मीच. ताई, रक्कम ३,००० च्या वर असली की कलम १३४१ आहे, टॅक्स भरलेले पैसे परत करावे लागले तर सवलत देणारं. शेड्यूल ए वर (खर्च एकेक दाखवायच्या फॉर्मवर) वजा करा. एवढं काय?

कुळथाचं_पिठलं:
तात्या, आम्ही डॅलसला भाड्याच्या घरात राहतो. ना मॉर्गेज, ना स्टेट टॅक्स. ३०,८०० वजा करायला जावं तर २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शनच (जोडप्याला सरसकट मिळणारी वजावट; दोन्हींतली एकच घेता येते) ३१,५०० आहे! टॅक्स क्रेडिटची वाट धरायची: २०२३ आणि २०२४ चा टॅक्स ते पैसे आलेच नाहीत असं धरून पुन्हा काढायचा, फरक २०२५ मध्ये मागायचा. याला तुम्ही 'वजा' म्हणता?

शेवगा:
तुम्हाला निदान क्रेडिट तरी आहे. मी प्रीमियम आफ्टर-टॅक्स भरला, शहाणपणा म्हणून. एलटीडी करमुक्त. मग करमुक्त पैसे परत घेतले आणि बदल्यात आला टॅक्सेबल एसएसडीआय. परतफेडीवर दमडी सवलत नाही, कारण टॅक्स भरलाच नव्हता! जोडप्याचं उत्पन्न ज्याच्या वर गेलं की एसएसडीआयवर टॅक्स लागतो, ती ३२,००० ची मर्यादा १९८३ च्या कायद्यातली, अजून तीच. तेव्हा दुधाचा भाव काय होता?

कोथरूड_रिटर्न:
रडा! मी एच-वन-बीवर सात वर्षं पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला भरले, तिथले २८ क्रेडिट (नोकरीच्या काळाचे गुण) झाले आणि परत आलो. पेन्शनला ४० लागतात. जर्मनी-जपानशी टोटलायझेशन करार (दोन्ही देशांतली नोकरी एकत्र धरण्याचा) आहे, भारताशी नाही. तुमचा टॅक्सचा वाद म्हणजे श्रीमंतांचे चोचले.

शेवगा:
चोचले? एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे मला. चमचा धरताना हात थरथरतो. या एकदा बघायला.

कोथरूड_रिटर्न:
तुमच्या आजारावर बोललो नाही हो. सिस्टीमवर बोललो.

बे_एरियातला_तात्या:
सिस्टीमवर बोलायचंय तर नीट बोला. डिसॅबिलिटीला ४० लागतातच असं नाही, ३१ ते ४२ वयाला २० पुरतात, पण गेल्या दहा वर्षांतले. तिथे असताना पाठ गेली असती तर तुम्हालाही मिळालं असतं.

कोथरूड_रिटर्न:
पाठ गेली नाही ही माझी चूक, मान्य. पैसे द्या.

शेवगा:
चोचले हा शब्द मागे घ्या, मग पैशाचं बघू.

कोथरूड_रिटर्न:
घेतला. ६.२ टक्के मात्र नाही.

कुळथाचं_पिठलं:
धागा टॅक्सचा आहे. कोथरूड, वेगळा काढा, मी येते भांडायला.

बे_एरियातला_तात्या:
ताई, 'वजा' शब्द चुकला. सीपीएला द्या पाचशे डॉलर, सुखी व्हा. पण क्रेडिट काढायला २०२३ चं मूळ रिटर्न लागेल. आहे ना?

कुळथाचं_पिठलं:
सापडलं. आकाशकंदिलाच्या खोक्यात.